काचेची बरणी रंगवताना: रंग सुटू नये म्हणून काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

एका संक्रांतीला मी हळदीकुंकवाचं वाण म्हणून काचेच्या छोट्या बरण्या रंगवल्या होत्या. कोयऱ्या, मधे ठिपके, सोनेरी काठ, आत दोन-दोन तिळाचे लाडू. बरणी हातात घेतलेल्या शेजारणीच्या अंगठ्याला एक अख्खी कोयरी चिकटून आली, उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी. बिचारीने ती पदराआड लपवली आणि मी न पाहिल्यासारखं केलं. रंगात खोट नव्हती, ब्रशातही नव्हती. मी बरणी नुसत्या पाण्याने विसळली होती आणि रात्री रंगवून दुसऱ्या दिवशी वाटली होती.

पुढे घरी शिकायला येणाऱ्यांना शिकवताना कळलं की जवळजवळ सगळे इथेच चुकतात. येतात तेच "रंग कोणता घेऊ?" असं विचारत. आधी दोन गोष्टी ठरवायच्या असतात: वस्तू पुढे धुतली जाणार आहे का, आणि हाताशी दिवस किती आहेत. त्यावरून रंग आपोआप ठरतो.

कागद, कापड, माती रंग पितात. काच काहीच पीत नाही, रंग तिच्या पाठीवर नुसता बसतो. त्यामुळे काच आणि रंग यांच्यामध्ये तेलाचा, साबणाचा किंवा बोटाचा पातळसा थर जरी राहिला, तरी रंग काचेला न चिकटता त्या थराला चिकटतो. खालच्या बऱ्याचशा सूचना त्याच थरासाठी आहेत.

टप्पा १: वस्तू निवडा आणि तिचं पुढे काय होणार ते ठरवा

पहिल्यांदा रंगवताना सरळ भिंतीची, साधारण ८-९ सेंटिमीटर व्यासाची जॅमची किंवा मधाची रिकामी बरणी घ्या. वाइनचा गोल पोटाचा ग्लास दिसायला मोहक असतो, पण त्यावर नक्षी चढवताना कागद कुठेच नीट बसत नाही. नक्षी कोरलेली, उभ्या पन्हाळ्या असलेली किंवा कंपनीचं नाव उठून आलेली काचही सध्या बाजूला ठेवा.

आता उपयोगाचे तीन गट करा.

शोभेची वस्तू, म्हणजे कपाटात राहणारी, कधीतरी ओल्या फडक्याने पुसली जाणारी: फुलदाणी, पेन ठेवायचा ग्लास, वाणाची बरणी. हिला न भाजायचे पारदर्शक रंग चालतात.

वापरायची वस्तू, म्हणजे सरबताचा ग्लास, साखरेची बरणी, जी साबणाने धुतली जाणार. हिला भट्टीत, म्हणजे घरच्या ओटीजी ओव्हनमध्ये, भाजून पक्के होणारे रंगच लावा. दुसरा कुठलाही रंग चार-सहा धुण्यांत पापुद्रे सोडतो.

दिव्याची वस्तू. इथे मी जरा कडक आहे. थिनरवर बनलेल्या रंगाच्या बरणीत खरी मेणबत्ती लावू नका, सेलवरचा छोटा दिवा ठेवा. खरी ज्योतच हवी असेल तर भाजलेल्या रंगाची, रुंद तोंडाची बरणी घ्या आणि पणती मधोमध राहील असं बघा. ज्योत भिंतीजवळ सरकली की काच एकाच बाजूने तापते आणि तडकते.

*सावधान:* जिथे ओठ लागतात किंवा अन्न लागतं तिथे रंग नको. ग्लासाच्या कडेपासून २ सेंटिमीटर पट्टी कोरी सोडा. बरणीच्या आतून आणि झाकणाच्या आट्यांवर काहीही लावू नका. लेबलवर "बिनविषारी" लिहिलेलं असलं तरी तो रंग अन्नाला लागलेला चालतो असा त्याचा अर्थ होत नाही.

टप्पा २: रंग आणि सामान

दुकानात "ग्लास कलर" मागितलंत की दुकानदार समोर असेल ती पेटी देतो. फेविक्रिल, कॅमल या नावांचे रंग सगळीकडे मिळतात, पण बाटली उलटी करून वाचा. ब्रश पाण्याने धुवा असं लिहिलं असेल तर रंग पाण्याचा. थिनर किंवा टर्पेंटाइनने धुवा असं असेल तर थिनरचा. दोन्ही प्रकार एकाच चित्रात मिसळायचे नाहीत. सोडावॉटरच्या बाटलीसारखा झळाळ थिनरच्या रंगाला जास्त येतो, पण त्याचा वास डोक्यात जातो आणि तो पेट घेतो. देवघराशेजारी किंवा स्वयंपाकघरात पेटत्या गॅसजवळ तो उघडू नका. मुलांच्या हाती द्यायचा असेल तर पाण्याचाच.

भाजायचे रंग वेगळे असतात. त्यांच्या लेबलवर तापमान आणि मिनिटं छापलेली असतात. फ्रान्सच्या पेबेओ कंपनीच्या व्हिट्रिया १६० या रंगाच्या नावातच तापमान आहे: १६० अंश सेल्सिअस, ४० मिनिटं. त्याच कंपनीचा पोर्सेलेन १५० हा १५० अंशांना ३५ मिनिटं भाजायचा. लेबलवर तापमानच नसेल तर तो रंग भाजायचा नाही असं समजा.

बाकी सामान घरात निम्मं असतंच:

- नायलॉनचे गोल ब्रश, २ आणि ४ नंबरचे. केस गळणारा स्वस्त ब्रश नको, पारदर्शक रंगात प्रत्येक केस दिसतो.
- लायनरची ट्यूब, म्हणजे उठावदार रेघ काढायचा घट्ट रंग. काळी, सोनेरी किंवा रुपेरी. वस्तू भाजायची असेल तर लायनरही भाजायचाच घ्या. साधा लायनर उष्णतेने फुगून फोड येतात.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल. केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्याकडे "आयपीए" म्हणून मिळतं.
- कान साफ करायच्या काड्या, टूथपिक, टाचणी, ब्लेड, चिकटपट्टी, टिश्यू.
- परातीत किलोभर तांदूळ. कशाला ते पुढे येईलच. (नंतर ते शिजवायला घेऊ नका, बाजूला डब्यात ठेवून दर वेळी तेच वापरा.)

टप्पा ३: काच धुणं, दोनदा

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून उडवला जातो. माझ्या वाणाच्या बरण्या इथेच मेल्या.

लेबल काढायला बरणी गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून अर्धा तास बुडवा. कागद निघतो, डिंक राहतो. त्यावर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवलं की डिंक गोळे होऊन सुटतो. ब्लेडने खरवडण्याची घाई करू नका, काचेवर चरे पडतात आणि पारदर्शक रंगाखाली ते उन्हात दिसतात.

मग भांडी घासायचा साबण आणि मऊ स्पंज घेऊन पूर्ण बाहेरची बाजू घासा. विसळा. पुन्हा साबण, पुन्हा विसळा. दोनदा का? एकदा खोबरेल तेलासाठी. दुसऱ्यांदा कारखान्याच्या लेपासाठी. बाटल्या एकमेकींवर घासून ओरखडू नयेत म्हणून त्यांच्यावर तयार होतानाच एक अतिशय पातळ बुळबुळीत थर चढवलेला असतो. नव्याकोऱ्या बरणीवरून रंग का घरंगळतो याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे असतं.

बोअरचं खारं पाणी असेल तर शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करा. क्षाराचे पांढरे ठिपके वाळल्यावर चटकन लक्षात येत नाहीत, वर पिवळा रंग चढला की उघडे पडतात. पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा घ्या. टॉवेलचे धागे सुटतात.

शेवटी कापूस अल्कोहोलमध्ये भिजवून काच एकाच दिशेने पुसत जा, कापूस मळला की बदला. आता बरणी फक्त तोंडाला किंवा बुडाला धरायची.

*या तीन गोष्टी अल्कोहोलच्या जागी चालत नाहीत:* हात चोळायचं सॅनिटायझर (बहुतेकांत ग्लिसरीन असतं, ते काचेवर राहतं), नेलपेंट रिमूव्हर (त्यात तेल किंवा सुगंध असू शकतो), आणि काच पुसायचा निळा स्प्रे (चमक येण्यासाठी तोही काहीतरी मागे ठेवू शकतो).

*तपासून पाहा:* काचेवर तोंड उघडून गरम श्वास सोडा, चष्मा पुसताना सोडतो तसा. वाफ सगळीकडे सारखी बसून सारखी उडाली तर काच स्वच्छ. बोटाचा ठसा किंवा ढगासारखा डाग दिसला तर तेवढा भाग पुन्हा पुसा.

टप्पा ४: नक्षी आतून लावा

काचेवर पेन्सिल उमटत नाही म्हणून लोक मार्कर वापरतात. पक्क्या मार्करची रेघ थिनरच्या रंगात विरघळते आणि पिवळ्याचा चिखल होतो. त्यापेक्षा नक्षी कागदावर काढून ती बरणीच्या आत लावायची आणि बाहेरून गिरवायची.

आधी मापं. कागदाची पट्टी बरणीच्या आत भिंतीला लावून जिथे टोकं भेटतात तिथे कापा. आतून ९ सेंटिमीटर व्यासाच्या बरणीला ती साधारण २८ सेंटिमीटर भरते. पट्टीची तीनदा घडी घाला, आठ सारखे भाग पडले, प्रत्येक साडेतीन सेंटिमीटरचा. त्यात एक आड एक कोयरी आणि पान बसवलं की नक्षी जिथून सुरू झाली तिथेच बिनचूक येऊन मिळते. मापाशिवाय सुरू केलं तर शेवटच्या कोयरीला निम्मीच जागा उरते, हा अनुभव प्रत्येकाने एकदा घेतलेला असतो.

वर रुंद, खाली निमुळत्या ग्लासाला सरळ पट्टी बसत नाही. ट्रेसिंग पेपरचा मोठा तुकडा आत सरकवून भिंतीला दाबा, कडेने आणि बुडाने पेन्सिल फिरवा, बाहेर काढून कापा. कंसाच्या आकाराचा कागद मिळेल. नक्षी त्यावर काढा.

कागद आत घालून चिकटपट्टीचा एक तुकडा लावा, आणि बरणीत तांदूळ भरा. तांदूळ कागदाला भिंतीशी दाबून धरतात. अरुंद तोंडाच्या बाटलीत तर याशिवाय कागद सरळ उभाच राहत नाही.

जाड काचेतून रेघ थोडी सरकलेली दिसते. गिरवताना एक डोळा मिटून, रेघेच्या अगदी समोर डोळा ठेवून पाहा. डोकं कलवलंत तर कोयरीचं शेपूट दुसरीकडेच जाऊन बसतं.

पहिल्या खेपेला नक्षी मोठी ठेवा. एका कप्प्यात करंगळीचं नख मावेल एवढी तरी जागा हवी. छापील कागदावर छान दिसणारी बारीक जाळी लायनरच्या जाडीत बुडून जाते.

टप्पा ५: लायनरची रेघ

ज्यांनी मेंदीचा कोन धरलाय त्यांना हे लवकर जमतं, ज्यांनी कधीच धरला नाही त्यांनी आधी जुन्या काचेच्या तुकड्यावर दहा मिनिटं सराव करावा.

ट्यूब तोंड खाली करून पेल्यात दहा मिनिटं उभी ठेवा, आतली हवा वर चढते. हवा राहिली तर मधेच फट्‌ होऊन रंगाचा गोळा पडतो. झाकण काढलं की पहिला थेंब टिश्यूवर.

आता ट्यूब तिरकी धरून टोक काचेला टेकवा, हलका दाब द्या, आणि रेघ सुरू झाली की टोक दोन मिलिमीटर उचला. रेघ काचेवर घासायची नसते, लोंबत्या दोऱ्यासारखी वरून अंथरायची असते. टोक काचेवर घासलं तर रेघ मधून फाकते आणि दोन्ही कडांना वर येते. हात स्थिर, दाब सारखा, आणि फिरवायची ती बरणी. बरणीच्या उंचीएवढी पुस्तकांची थप्पी बाजूला ठेवून तिच्यावर मनगट टेकवा, कंप निम्मा होतो. रेघ संपायच्या अर्धा सेंटिमीटर आधीच दाब सोडा, ट्यूबमध्ये उरलेला रंग शेवट गाठतो. शेवटी टोक बाजूला ओढत उचला, सरळ वर उचललं तर उभी शेंडी राहते.

दर दोन रेघांनी टोक टिश्यूने पुसा. काम थांबवलं तर तोंडात टाचणी खोवून ठेवा.

रेघ बिघडली तर? ओली असताना कानाच्या काडीने उचला. अर्धवट वाळलेली असेल तर हात लावू नका, पसरेल. पूर्ण वाळू द्या, मग ब्लेडने दोन्ही बाजूंनी कापून टूथपिकने उचलून टाका, अख्खी निघते.

*तपासून पाहा:* बरणी खिडकीसमोर धरून प्रत्येक कप्प्याची रेघ नजरेने फिरून या. भातखाचराच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडलं की पाणी शेजारच्याच्या खाचरात जातं, तसं इथे होतं. केसाएवढी फट राहिली तरी निळा रंग पिवळ्यात उतरतो. फट दिसली तर लायनरचा एक टिपका.

लायनर हाताला दोन-तीन तासांत कोरडा लागतो, आत ओलाच असतो. रात्रभर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पूर्ण दिवस द्या. पंख्याखाली ठेवू नका, धूळ बसते. बरणीवर उपडा खोका झाका आणि खाली एक काडी ठेवून फट सोडा.

टप्पा ६: रंग भरणं

बरणी आडवी करा आणि परातीतल्या तांदळात थोडी दाबून बसवा. ती लोळत नाही, रंगवायचा भाग नेमका आकाशाकडे राहतो. उभ्या बरणीवर रंग भरणं ही सगळ्यात नेहमीची चूक. वरून सगळं ठीक दिसतं, चहा पिऊन परत यावं तर प्रत्येक कप्प्यातला रंग खालच्या टोकाशी गोळा झालेला.

आडवी केल्यावरही फक्त वर आलेला तिसरा हिस्सा रंगवायचा. तेवढ्याच भागावर रंग सपाट राहतो. तो वाहायचा थांबला की बरणी फिरवायची, पुढचा हिस्सा. थिनरच्या रंगाला मी दीड-दोन तास देते. म्हणजे बरणीला तीन बैठका लागतात. एका बसण्यात होत नाही, हे आधीच मान्य केलं तर चिडचिड होत नाही.

रंगाची बाटली हलवू नका. हलवली की बुडबुडे, आणि तेच बुडबुडे काचेवर टोचलेल्या पुरळासारखे वाळतात. टूथपिकने सावकाश ढवळा.

ब्रश भरून घ्या, निथळू नका. समजा कोयरी भरायची आहे. आधी शेपटाच्या टोकात ब्रशाचं अणकुचीदार टोक घालून रंग तिथवर ढकला, मग लायनरच्या कडेकडेने एक फेरी, आणि शेवटी मधोमध एक भरलेला थेंब सोडा. थेंब स्वतः पसरून कडेच्या रंगाला मिळतो आणि पृष्ठभाग आरशासारखा सपाट होतो. उलट केलं, मधून सुरुवात केली, तर टोकं कोरी राहतात आणि ती भरायला जाईपर्यंत मधला रंग घट्ट झालेला असतो. भिंत रंगवतो तसे ब्रशाचे फटकारे मारायचे नाहीत. प्रत्येक फटकाऱ्याची रेघ वाळल्यावर दिसते.

रंग लायनरच्या उंचीला जेमतेम टेकेल इतकाच. त्याहून वर गेला तर बांध फुटतो, कमी पडला तर मधे फिकट आणि कडेला गडद दिसतो. बुडबुडा दिसला तर लगेच टाचणीने फोडा.

दोन छटा एकात एक मिसळायच्या असतील, समजा पिवळ्यातून शेंदरी, तर दोन्ही रंग ओले असतानाच टाका आणि टूथपिकने हद्दीवर दोन-तीन आडव्या ओढी द्या. चौथी नको. तिसऱ्या ओढीपर्यंत छटा असते, पुढे सगळं एकच होतं.

*सावधान:* दहा-पंधरा मिनिटांनी थिनरच्या रंगावर साय धरते. तेव्हा "इथे जरा कमी वाटतंय" म्हणून ब्रश लावलात तर साय फाटून सुरकुत्या पडतात. पूर्ण वाळल्यावरच पुन्हा लावा.

भाजायचे अपारदर्शक रंग निराळे वागतात. ते लोटायचे नसतात. पातळ हात, वाळू देणं, दुसरा पातळ हात. दुसरा हात घासत लावू नका, ब्रश टेकवत, दाबत जा. पहिला थर किंचित चिकट असताना घासलंत तर तो ब्रशाबरोबर उठून येतो. पाणी घालून फार पातळ करू नका, धरून राहण्याची ताकद जाते.

एक गोष्ट शिकवताना मी नेहमी विसरायची: पारदर्शक रंग आतल्या वस्तूवर अवलंबून असतो. रिकाम्या बरणीत माणकासारखा दिसणारा लाल रंग तिळाच्या लाडवांसमोर विटकरी दिसतो आणि हिरवा तर जवळजवळ नाहीसा होतो. बरणीत जे भरायचं ते भरून, रंग ठरवण्याआधी एकदा पाहा. साखर किंवा मीठ असेल तर कुठलाही रंग खुलतो.

टप्पा ७: पक्कं करणं

न भाजायचे रंग: सात दिवस खोक्याखाली. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर कोरडंच लागतं, पण नख दाबून पाहिलं तर ठसा उमटतो. ठसा उमटतोय तोवर कागदात गुंडाळू नका. माझ्या ओळखीत एकीने वर्तमानपत्रात गुंडाळून बरण्या पुण्याला नेल्या, उघडल्या तेव्हा फुलांवर बातम्या उलट्या छापलेल्या होत्या.

वरून वॉर्निश मारायची हौस असेल तर आधी चाचणीच्या तुकड्यावर मारा. थिनरच्या रंगावर थिनरचंच वॉर्निश पडलं तर खालचा रंग हलतो.

भाजायचे रंग, या क्रमाने:

१. शेवटचा हात दिल्यावर पूर्ण २४ तास वाळू द्या. ओलावा राहिला तर फोड येतात.

२. काचेला चीर, टवका नाही ना ते कडेवरून बोट फिरवून पाहा. झाकण, रबराची कडी, चिकटपट्टी सगळं काढा.

३. वस्तू थंड ओटीजीत, मधल्या जाळीवर ठेवा. एकमेकींना किंवा तापणाऱ्या दांड्यांना टेकू नयेत. आधी तापवलेल्या ओटीजीत थंड काच ठेवली तर ती तडकू शकते, म्हणून केकची सवय इथे विसरा.

४. वरची-खालची दोन्ही दांडी चालू करून लेबलवरचं तापमान लावा. मिनिटं मोजायची ती तापमान गाठल्यापासून, म्हणजे ओटीजीचा दिवा पहिल्यांदा विझल्यापासून. बटण फिरवल्यापासून मोजणाऱ्यांचा रंग कच्चा राहतो.

५. वेळ झाली की बंद करा आणि दार उघडू नका. आत थंड होऊ द्या, तास-दोन तास लागतात. "बघूया तरी" म्हणून दार उघडून ग्लास ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवणाऱ्याला ग्लासाचे दोन तुकडे मिळू शकतात.

खिडकी उघडी ठेवा, थोडा वास येतो. त्याच वेळी आत खाण्याचं काही ठेवू नका.

*सावधान:* साधा मायक्रोवेव्ह म्हणजे भट्टी नव्हे, त्यात रंग पक्का होत नाही आणि सोनेरी-रुपेरी रंगातल्या धातूने ठिणग्या उडू शकतात. मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शन (गरम हवेने भाजायची सोय) असेल तर फक्त त्या पद्धतीवर चालेल. आणि थिनरचे रंग कुठल्याच भट्टीत घालायचे नाहीत.

पांढरा रंग पिवळसर झाला तर तुमचा ओटीजी आकड्यापेक्षा जास्त तापतो. भट्टीत ठेवायचा तापमापक मिळतो, तो एकदा आत ठेवून खरा आकडा पाहा.

*तपासून पाहा:* चाचणीसाठी एक फालतू बरणी बाकीच्यांबरोबरच रंगवलेली असावी. ती थंड झाली की रंगावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला नाही तर नखाने खरवडून पाहा. तेही निभावलं तर बाकीच्या बरण्या बाहेर काढा. रंग पट्टीवर आला तर दोष बहुधा धुण्यात आहे, भाजण्यात नाही. तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

टप्पा ८: धुणं आणि कोणाला देताना

भाजलेली वस्तू तीन दिवस तशीच ठेवून मग वापरा. हाताने, मऊ स्पंजाने, कोमट पाण्यात धुवा. तारेची घासणी, काथ्या आणि राख या तिन्हींनी कडेपासून रंग उचलायला सुरुवात होते. सिंकमध्ये तासभर भिजत ठेवू नका. डिशवॉशर टाळा, रंगाचं लेबल चालेल म्हणत असलं तरी.

न भाजलेली वस्तू धुवायचीच नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

हे तुम्हाला ठाऊक आहे, ज्याला देणार त्याला नाही. म्हणून वाणाच्या बरणीच्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा: "बाहेरून ओल्या फडक्याने पुसावी, घासू नये." घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा, नाहीतर बरणी दुसऱ्याच दिवशी इतर भांड्यांबरोबर राखेने लख्ख घासली जाते आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

दिवसांचा हिशेब, संक्रांतीच्या वाणासाठी: १४ जानेवारीला बरण्या हातात हव्या असतील तर ३१ डिसेंबरला धुवायला घ्या. दोन दिवस धुणं आणि नक्षी, एक दिवस लायनर, एक दिवस तो वाळायला, दोन दिवस रंगाच्या बैठका, सात दिवस खोक्याखाली. शिवाय एक दिवस बिघडलेल्या बरणीसाठी ठेवा. उशीर झालाच तर घाईने रंगवू नका. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, तारीख पुढे ढकला.